सिग सॉअर पी३६५ : रोज कमरेला लावायचं छोटं पिस्तूल, आवडलेलं आणि खटकलेलं

लपवून बाळगायचं पिस्तूल घेताना बहुतेक लोक आधी बॅरल, म्हणजे नळी, किती इंच ते विचारतात, मग वजन, मग गोळ्या किती बसतात, आणि ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, किती उंच आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो किंवा येतच नाही. मला विचाराल तर हा क्रम पूर्ण उलटा पाहिजे. बॅरल पँटच्या आत, खाली जातं, तिथे अर्धा इंच कमीजास्त झाला तरी बाहेरून कुणाला काही कळत नाही. शर्टातून जे उठून दिसतं ती ग्रिपची मागची खालची कड असते, ती बेल्टच्या वर असते आणि तुम्ही वाकलात, गाडीतून उतरलात, वरच्या फळीवरून काही काढायला हात वर केला की कापडाला आतून ढकलते. त्यामुळे पी३६५ बद्दल लिहिताना मी सुरुवात ग्रिपपासूनच करणार, कारण या पिस्तुलाचं सगळं चांगलं आणि सगळं वाईट तिथेच आहे.

आकडे आधी सांगून टाकतो. लांबी ५.८ इंच, उंची ४.३ इंच म्हणजे साधारण १०९ मिलीमीटर, जाडी जेमतेम इंचभर, बॅरल ३.१ इंच, आणि रिकामं मॅगझिन (गोळ्या भरायची, ग्रिपमध्ये सरकणारी पेटी) लावून वजन ५०० ग्रॅमच्या आसपास. कॅलिबर ९ एमएम. मॅगझिनमध्ये १० आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी झाडायला तयार, १. आता ग्लॉक १९ या मध्यम आकाराच्या पिस्तुलाशी तुलना करून बघा, त्याची उंची १२८ मिलीमीटर आहे, म्हणजे ग्रिपमध्ये जवळजवळ दोन सेंटीमीटरचा फरक. कागदावर दोन सेंटीमीटर काहीच वाटत नाही पण साध्या कॉटनच्या शर्टाखाली हाच फरक निर्णायक ठरतो, अंगकाठी बारीक असेल तर अजूनच जास्त.

हे पिस्तूल जानेवारी २०१८ मध्ये बाजारात आलं तेव्हा एवढी चर्चा का झाली हे कळायला त्याच्या आधीचा माल आठवावा लागतो. स्मिथ अँड वेसनचं शील्ड २०१२ मध्ये आलं होतं, त्यात ७ किंवा ८ गोळ्यांची मॅगझिनं. ग्लॉक ४३ आलं २०१५ मध्ये, त्यात ६. म्हणजे पातळ पिस्तूल हवं असेल तर गोळ्या कमी हे लोकांनी धरूनच चाललं होतं, कारण एका रांगेत गोळ्या रचल्या की तेवढ्याच बसणार. सिगने मॅगझिनचा आकार बदलला, खालच्या भागात गोळ्या थोड्या डावी-उजवीकडे सरकून बसतात आणि वर येता येता एका रांगेत येतात, त्यामुळे जाडी फारशी न वाढता १० गोळ्या बसल्या. दिसायला छोटी गोष्ट आहे पण यामुळे अख्खा बाजार हलला, पुढच्याच वर्षी ग्लॉकने ४३एक्स आणलं, स्प्रिंगफील्डने ११ गोळ्यांचं हेलकॅट आणलं. आज या साइजचं कुठलंही नवीन पिस्तूल बघा, १० च्या खाली गोळ्या असतील तर लोक हातात घेऊन बघत पण नाहीत.

आता हातात घेतल्यावर काय. माझा हात मध्यम आहे. जे मॅगझिन खाली सपाट असतं ते लावलं की करंगळी ग्रिपच्या खाली लोंबते, तिला धरायला काहीच मिळत नाही. सोबत छोटा ओठ असलेलं दुसरं मॅगझिन येतं, ते लावलं की करंगळी कशीबशी टेकते, आणि १२ गोळ्यांचं थोडं लांब मॅगझिन लावलं की पूर्ण मूठ बसते. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांनी सपाट मॅगझिन लावून हे पिस्तूल चालवून बघितल्याशिवाय घेऊच नये असं मला मनापासून वाटतं. आणि इथे एक पेच आहे जो नीट समजून घ्यायला हवा, १२ चं मॅगझिन लावलं की तुम्ही तीच ग्रिप लांब केली जी लपवण्यासाठी आखूड पाहिजे होती. मला जो मार्ग पटतो तो असा की कमरेला पिस्तुलात १० चं ओठवालं मॅगझिन आणि खिशात जास्तीचं १२ चं, कारण एकदा मॅगझिन बदलायची वेळ आली की लपवण्याचा प्रश्न उरलेला नसतो.

धक्क्याबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात. एक म्हणतात अजिबात जाणवत नाही, दुसरे म्हणतात हात दुखून येतो. खरं काय ते वजनाच्या हिशोबातून कळतं. गोळी तीच, ११५ ग्रेन म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम, दारू तीच, पण पिस्तूल ग्लॉक १९ च्या पावणेसातशे ग्रॅमऐवजी ५०० ग्रॅमचं. म्हणजे मागे येण्याचा वेग आणि धक्क्याची ऊर्जा दोन्ही साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त. त्यात मूठ आखूड, धरायला जागा कमी, त्यामुळे तोंड वर उडतं आणि पुन्हा नेमावर आणायला वेळ लागतो. तरीपण सांगतो, त्याच वजनाच्या इतर पिस्तुलांपेक्षा हे शांत वाटतं, कारण हात स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, जवळ, वर चढून बसतो आणि बॅरलची रेषा हाताच्या फार वर जात नाही. पहिल्या पन्नासेक गोळ्या मजेत जातात. पुढे अंगठ्याच्या मुळाशी जाणवायला लागतं आणि मग माणूस नकळत ट्रिगर ओढायच्या आधीच मनगट खाली दाबायला लागतो, आणि गोळ्या डावीकडे खाली जायला लागतात (उजव्या हाताने चालवणाऱ्यांच्या). म्हणून अशा पिस्तुलाचा सराव थोडा थोडा आणि वारंवार करावा, एका दिवसात पेट्या संपवण्यात काही अर्थ नाही.

नेमाचं गणित पण सांगितलं पाहिजे कारण सेल्समन ते सांगत नाही. पुढची आणि मागची साइट (नेम धरायच्या खुणा) यांच्यातलं अंतर या पिस्तुलात साधारण १३ सेंटीमीटर आहे. पुढची साइट मागच्या खाचेत नुसती एक मिलीमीटर इकडे तिकडे झाली तर १० मीटरवर गोळी पावणेआठ सेंटीमीटर बाजूला जाते. मोठ्या पिस्तुलात हे अंतर जास्त असतं म्हणून तीच चूक कमी दिसते. पिस्तूल अचूक नाहीये असं नाही, टेकू देऊन चालवलं तर ते फार सुंदर गट मारतं, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात, पण हात हलला की छोटं पिस्तूल अजिबात माफ करत नाही. साइट मात्र पहिल्या दर्जाच्या आहेत, पुढच्या ठिपक्याभोवती ठसठशीत हिरवं वर्तुळ आहे आणि आत ट्रिटियमची, म्हणजे ज्याने आपोआप उजेड पडतो अशा किरणोत्सारी वायूची, कुपी, म्हणजे काळोखात पण दिसते, बॅटरी वगैरे काही नको. ट्रिटियम साधारण १२ वर्षांत अर्धं होतं, त्यामुळे हा उजेड हळूहळू मंद होणार हे धरून चालायचं, जुनं पिस्तूल घेत असाल तर अंधारात नेऊन बघा.

ट्रिगर मला आवडला, पण इथे मतं वेगळी असू शकतात. सुरुवातीला थोडी मोकळी ओढ, मग भिंत लागल्यासारखं जाणवतं आणि मग स्वच्छ सुटतो. फार हलका नाही आणि माझ्या मते ते बरोबरच आहे, कारण हे पिस्तूल पोटाजवळ किंवा कमरेला, चेंबरमध्ये गोळी ठेवून वापरायचं आहे आणि मूळ मॉडेलवर बाहेरचा हाताने लावायचा सेफ्टीचा खटका नाहीये. ज्यांना खटका हवाच आहे त्यांच्यासाठी सिगने तसं मॉडेल नंतर काढलं. मी दोन्ही हाताळली आहेत. खटका असलेलं घेतलं तर पिस्तूल बाहेर काढताना तो अंगठ्याने खाली करण्याची सवय इतकी पक्की हवी की विचार करायलाच लागू नये, नाहीतर ऐनवेळी ट्रिगर ओढत बसाल आणि काहीच होणार नाही. आणि खटका नसलेलं घेतलं तर सगळी भिस्त होल्स्टरवर, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावर.

होल्स्टरबद्दल मी थोडं लांब बोलणार आहे कारण लोक पिस्तुलावर महिनोन् महिने अभ्यास करतात आणि होल्स्टर सगळ्यात स्वस्तातलं, सगळ्या पिस्तुलांना बसतं असं लिहिलेलं मऊ कापडाचं घेतात. हे चुकीचं आहे आणि धोकादायक आहे. मऊ होल्स्टर पिस्तूल काढल्यावर मिटतं, परत घालताना त्याची कड किंवा शर्टाचं टोक ट्रिगरच्या कमानीत शिरू शकतं, आणि ट्रिगरला काय, बोट काय नि कापड काय, दाब पडला की बार उडणार. नेमकं या मॉडेलसाठी साचा काढून बनवलेलं कडक प्लास्टिकचं, कायडेक्सचं म्हणतात ते, किंवा जाड घट्ट चामड्याचं होल्स्टर घ्या, ज्यात ट्रिगरची कमान पूर्ण झाकली जाते आणि पिस्तूल काढल्यावर पण तोंड उघडं राहतं. सोबत बेल्ट कडक हवा. साध्या बेल्टवर हे पिस्तूल बाहेरच्या बाजूला कलतं आणि मग ती ग्रिपची कड, जिच्यासाठी आपण एवढा खटाटोप केला, ती शर्टातून दिसायलाच लागते. ११ गोळ्या भरल्यावर वजन सव्वासहाशे-साडेसहाशे ग्रॅमच्या घरात जातं, दिवसभर बाळगायला खरंच हलकं आहे, पण ढिल्या बेल्टवर तेवढं वजन पण संध्याकाळपर्यंत नको होतं. काही जण पोटावर पुढे लावतात, तिथे लपतं छान आणि हात पण पटकन पोचतो, पण नळीचं तोंड मांडीच्या आतल्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असतं हे विसरू नका. पिस्तूल परत घालताना घाई करायचं काही कारण नसतं. शर्ट पूर्ण वर धरायचा, होल्स्टरकडे डोळ्यांनी बघायचं, बोट ट्रिगरपासून लांब, सावकाश. पुढे लावत असाल आणि याची खात्री नसेल तर होल्स्टर पिस्तुलासकट काढून बाहेरच घालायचं आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावायचं.

खटकलेल्या गोष्टींत पहिली म्हणजे स्लाइड ओढणं. छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी आणि मागे जायला जागा कमी, त्यामुळे आतली स्प्रिंग जोरकस ठेवावी लागते, यात सिगचा दोष नाही, पदार्थविज्ञानच तसं आहे. पण हातात ताकद कमी असेल, संधिवात असेल, तर हे पिस्तूल नवीन असताना खरंच त्रास देतं. स्लाइड ओढण्यापेक्षा एका हाताने स्लाइड घट्ट धरून दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकललं तर सोपं जातं, मात्र तोंड सुरक्षित दिशेला हवं. दुसरी, मॅगझिनमधली शेवटची गोळी भरणं. नवीन मॅगझिनमध्ये दहावी गोळी अंगठ्याने दाबून बसवणं म्हणजे नख मोडायचं काम आहे, गोळ्या भरायचं छोटं साधन मिळतं ते घ्याच. मॅगझिन काही दिवस भरून ठेवलं की थोडं सैल होतं.

गोळ्यांची निवड हा अजून एक मुद्दा ज्याकडे दुर्लक्ष होतं. ३.१ इंचाच्या बॅरलमधून गोळीला वेग थोडा कमी मिळतो, आणि स्वसंरक्षणासाठी जी पोकळ टोकाची गोळी वापरतात ती ठराविक वेगालाच नीट उमलते. वेग कमी पडला किंवा जाड कापड टोकात भरलं की ती न उमलता तशीच आरपार जाऊ शकते, आणि पलीकडे कोण उभं आहे हे आपल्या हातात नसतं. म्हणून आखूड बॅरलसाठीच बनवलेल्या गोळ्या मिळतात, स्पीअरची गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल हे त्यातलं एक ओळखीचं नाव. जी निवडाल ती किमान काही मॅगझिनं भरून स्वतःच्या पिस्तुलातून चालवून बघा, कुठेही अडकता कामा नये. साध्या गोल टोकाच्या सरावाच्या गोळ्या सुरळीत चालल्या म्हणजे दुसऱ्या पण चालतील असं धरू नका, टोकाचा आकार वेगळा असतो.

विश्वासार्हतेबद्दल लपवण्यासारखं काही नाही, सगळ्यांना माहीत आहे की सुरुवातीच्या बॅचमधल्या पिस्तुलांबद्दल तक्रारी आल्या होत्या, स्ट्रायकर (गोळीच्या मागे ठोकणारी पिन) तुटणं आणि ट्रिगर परत पुढे न येणं या मुख्य. नंतर कंपनीने भाग सुधारले आणि पुढच्या वर्षांत या पिस्तुलाने स्वतःचं नाव परत कमावलं. पण याचा एक धडा वापरलेलं पिस्तूल घेणाऱ्याला आहे, २०१८ च्या पहिल्या काही महिन्यांतलं असेल तर भाग बदललेत का ते विचारा आणि शक्यतो त्याच्या नंतरचंच घ्या. जीव ज्याच्यावर ठेवायचा त्या वस्तूत स्वस्त पडतंय म्हणून तडजोड नको.

ग्लॉक ४३एक्स की हे, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. ४३एक्समध्ये पण १० गोळ्या, पातळ पण छान, बॅरल थोडं लांब, आणि ग्रिप पूर्ण हाताची. चालवायला ते मला जास्त सोपं वाटतं, यात वाद नाही. पण त्याची उंची ग्लॉक १९ एवढीच, १२८ मिलीमीटर! म्हणजे जाडी कमी झाली पण जी बाजू शर्टातून दिसते ती तशीच राहिली. जॅकेट घालत असाल, अंगाने भरलेले असाल, शर्ट सैल घालत असाल तर ४३एक्स घ्या आणि जास्त विचार करू नका. एकेरी पातळ कपड्यात वावरत असाल तर पी३६५ ला तोड नाही. मधला मार्ग म्हणजे सिगचंच पी३६५एक्सएल, २०१९ चं, ३.७ इंच बॅरल, १२ गोळ्या, उंची १२२ मिलीमीटरच्या आसपास आणि वर छोटी रेड डॉट साइट (काचेत लाल ठिपका दाखवणारी) बसवायची सोय. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिलंच पिस्तूल घेणाऱ्याने एक्सएल घ्यावं, कारण शिकताना पूर्ण मूठ बसणं फार महत्त्वाचं असतं, नवीन माणसाच्या हातात अगदी छोटं पिस्तूल दिलं की तो धक्क्याला घाबरतो आणि मग सरावच सोडून देतो, आणि सराव नसलेल्या माणसाच्या कमरेचं पिस्तूल त्याला स्वतःला आणि आजूबाजूच्यांना धोकाच आहे.

आणि इथे या पिस्तुलाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. अमेरिकेच्या कायद्यात पिस्तूल म्हणून मोजला जाणारा, नंबर असलेला भाग म्हणजे आतली स्टीलची छोटी यंत्रणा, ट्रिगर वगैरे सगळं त्यात. बाहेरची प्लास्टिकची ग्रिप नुसतं कवच आहे, काही मिनिटांत निघतं. म्हणजे आज छोटी ग्रिप घेतली आणि हात पुरत नाही असं वाटलं तर एक्सएलची ग्रिप लावता येते, त्यावर मूळ स्लाइड पण बसते. हात लहान असलेली बायको आणि मोठ्या हाताचा नवरा दोघांना रेंजवर सराव करायचा असेल तर एकाच यंत्रणेवर दोन ग्रिप चालतात. अर्थात असे बदल केल्यावर पुन्हा चालवून खात्री करायची, होल्स्टर पण जुळतंय का बघायचं.

देखभाल फार नाही पण जी आहे ती चुकवू नका. अंगाला लागून असतं म्हणून घाम आणि कपड्याचे धागे आत जातात, स्ट्रायकरच्या मागे, मॅगझिनच्या तोंडाशी. गोळ्या चालवल्या नाहीत तरी ठराविक काळाने उघडून पुसायचं, तेलाचा थेंब द्यायचा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा बघूनच. स्लाइडची स्प्रिंग मोठ्या पिस्तुलापेक्षा लवकर थकते, ती सुटा भाग म्हणून मिळते, वेळेवर बदला. चेंबरमध्ये तीच एक गोळी रोज काढून घालून करू नका, वारंवार आपटून गोळीचं पुढचं टोक तिच्या केसमध्ये (मागच्या धातूच्या नळकांड्यात) मागे सरकतं आणि मग झाडताना दाब वाढतो. घरी आल्यावर पिस्तूल कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा उशीखाली अजिबात नको, बोटाने उघडणारी छोटी तिजोरी भिंतीला पक्की करून घ्या, घरात मूल असो वा नसो, पाहुण्यांची मुलं येतातच.

ज्यांना स्लाइड ओढणं जमतच नाही त्यांनी हट्टाने ९ एमएमच घ्यायची गरज नाही. सिगने याच आकारात .३८० एसीपी या कमी जोराच्या गोळीचं मॉडेल २०२२ मध्ये काढलं, स्लाइड ओढायला खूप हलकी, धक्का मऊ, गोळ्या १० च. ताकद ९ एमएमपेक्षा कमी आहे हे खरं, पण ज्या माणसाला ते विश्वासाने भरता येतं, रिकामं करता येतं आणि पाच-सात मीटरवर लागोपाठ नेमक्या जागी गोळ्या मारता येतात, त्याच्यासाठी मी दुसरं काही सुचवणार नाही. ज्यांच्या हातात ताकद आहे आणि कपडे पातळ आहेत त्यांच्यासाठी मूळ पी३६५, ओठवालं मॅगझिन, कडक होल्स्टर, कडक बेल्ट. विकत घ्यायच्या आधी एखाद्या रेंजवर भाड्याने मिळत असेल तर ते, ४३एक्स आणि एक्सएल एकाच दिवशी, त्याच गोळ्यांनी चालवून बघा, आणि प्रत्येकात पाचवी-सहावी गोळी कुठे लागते ते बघा, पहिली गोळी सगळ्यांचीच बरी लागते.